शाळेत, सोसायटीत बायोगॅसचा प्रयोग करायचाय? आधी वायूंचं ठरवा

ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा, ही कल्पना शाळेच्या विज्ञान मंडळात, सोसायटीच्या पर्यावरण गटात किंवा गावातल्या तरुण मंडळात कुणाला ना कुणाला सुचतेच. खरकटं रोज तयार होतं, शेण आसपास मिळतं, टाक्या भंगारात स्वस्तात सापडतात आणि मुलांना ज्योत पेटलेली बघायला मिळते. महाराष्ट्राला हा प्रकार नवाही नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून वापरत होते. पुढे खादी आयोगाची तरंगत्या टाकीची रचना (शेणकाल्यावर उलटी ठेवलेली, गॅस भरेल तशी वर उचलली जाणारी टाकी) गावोगाव पोचली.

टाकी कशी कापायची, नळी कुठे जोडायची हे सांगणारे व्हिडिओ हवे तितके आहेत. त्या टाकीत जे वायू तयार होतात त्यांच्याशी कसं वागायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी 'काळजी घ्या' एवढ्यावर उरकतात. मी अशा काही प्रकल्पांमध्ये आराखड्यापासून मोडणीपर्यंत राहिलो आहे. सगळीकडे लोक तेच प्रश्न विचारतात आणि त्याच जागी अडतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो. हे लिहिताना साधारण एक-दोन घनमीटरचा, स्वयंसेवकांनी चालवायचा प्लांट डोळ्यांसमोर आहे. मोठ्या व्यावसायिक प्लांटला यातलं बरंच अपुरं पडेल.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमातून निघतात: कुणाला टाकीत किंवा खड्ड्यात डोकं घालावं लागेल अशी एकही कृती आराखड्यात ठेवायची नाही. भरणं, ढवळणं, मोजणं, दुरुस्ती, साफसफाई, सगळं बाहेर उभं राहून करता आलं पाहिजे. काही गोष्ट बाहेरून होत नसेल तर आराखडा बदलायचा. 'तेवढ्यापुरतं एकजण वाकेल' असं म्हणून पुढे जायचं नाही.

## १. टाकीत काय काय असतं ते सगळ्यांना माहीत करून द्या

पहिल्या बैठकीतच हे व्हावं. गटातल्या प्रत्येकाला चार गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत. शाळेत खरकटं आणून देणाऱ्या स्वयंपाकाच्या ताई आणि सोसायटीचे सफाई कामगार यांनाही बैठकीला बोलवा. प्लांटच्या सर्वांत जवळ तेच असतात आणि बैठकीचं निमंत्रण नेमकं त्यांनाच जात नाही.

मिथेन. आपल्याला हवा असतो तो हाच. बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा बराच हलका. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आलं की ठिणगीने भडका उडतो. १५ टक्क्यांच्या वर तो पेटत नाही, म्हणून टाकीत शुद्ध बायोगॅस असताना धोका कमी असतो आणि त्यात हवा शिरली की वाढतो. हे पुष्कळांना उलटं वाटतं.

कार्बन डायऑक्साइड. उरलेल्यातला बहुतेक हिस्सा याचा. हवेपेक्षा दीडपट जड. खड्ड्यात, आउटलेटच्या म्हणजे वापरलेला शेणकाला बाहेर पडतो त्या चेंबरमध्ये साचून राहतो.

हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचा. प्रमाण थोडं, पण सर्वांत विषारी हाच. कच्च्या बायोगॅसमध्ये तो शेकडो ते काही हजार पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) असू शकतो. अंडी, मासे, मटणाचं खरकटं जास्त पडलं की वाढतो. हवेपेक्षा किंचित जड.

ऑक्सिजनचा अभाव. हा वायू नाही, पण यादीत हवाच. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा माणसाला उतरण्यालायक नाही असं धरतात. टाकीच्या आत तर तो जवळपास नसतोच. नसतो म्हणूनच गॅस होतो.

आता नाकाबद्दल. हायड्रोजन सल्फाइडचा वास एक पीपीएमच्याही खाली येतो, त्यामुळे लोक म्हणतात, "वास आला की कळेलच." १०० पीपीएमच्या आसपास मात्र काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. ५००-७०० पीपीएमला माणूस मिनिटांत कोसळतो. हजारच्या पुढे दोन-चार श्वास पुरतात. म्हणजे वास कमी झाला याचा अर्थ गॅस कमी झाला असा घेता येत नाही. त्याच्या नेमकं उलटंही असू शकतं. फलकावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहा.

## २. कागदपत्रं आधी, टाकी नंतर

इथे फार वेळ घालवायला लागत नाही, पण राहून गेलं तर पुढे प्रकल्प अडतो. एका फायलीत एवढं ठेवा:

- शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, गावात सार्वजनिक जागा असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी
- जागेचा हाताने काढलेला नकाशा: टाकी, नळीचा मार्ग, दोन्ही कॉक (चौथ्या पायरीत), वर्ग किंवा घरं, विहीर किंवा बोअर, विजेचा बोर्ड
- पालकांची संमतिपत्रं, त्यात मूल नक्की काय करणार आणि काय करणार नाही हे लिहिलेलं
- जबाबदार दोन प्रौढांची नावं. एकच नाव चालत नाही, माणूस गावाला जातो
- एका पानाचं आणीबाणीचं पत्रक: १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, ११२ सगळ्यासाठी, आणि सर्वांत जवळच्या अग्निशमन केंद्राचं नाव व अंतर

शेवटचा मुद्दा खेड्यात महत्त्वाचा. अग्निशमनाची गाडी बहुधा तालुक्याच्या नगरपरिषदेतून येते. ती यायला किती वेळ लागतो ते फोन करून विचारा. चाळीस मिनिटं असं उत्तर आलं तर सगळी भिस्त प्रतिबंधावर आहे, हे गटाला तिथेच कळतं.

## ३. जागा: चारही बाजूंनी उघडी

तळघर, जिन्याखालची जागा, बंद पार्किंग, प्रयोगशाळेचा कोपरा, पत्र्याची बंद शेड यांतलं काहीही नको. 'छोटाच तर आहे' हे वाक्य इथेच ऐकू येतं, म्हणून एक साधा हिशेब देतो.

दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंच खोली म्हणजे साधारण २५ घनमीटर हवा. त्यात एक घनमीटर बायोगॅस गळला आणि त्यात ६० टक्के मिथेन असला, तर खोलीत सरासरी २.३ टक्क्यांच्या आसपास मिथेन होतो, म्हणजे भडक्याच्या खालच्या मर्यादेच्या निम्म्याच्या जवळ. पण वायू काही सरासरीने पसरत नाही. छताजवळ तो याच्या दुप्पट सहज असेल आणि बटण, पंखा, ट्यूबलाइट तिथेच असतात. त्याच गॅसमध्ये दोन हजार पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असला तर खोलीत ८० पीपीएमच्या आसपास जातो. कामगारांच्या मीटरवर याचा पहिला भोंगा १० पीपीएमला वाजतो. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की जागेवरचा वाद लगेच मिटतो, असा माझा अनुभव आहे.

विहिरीपासून, बोअरपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून लांब, खिडक्यांपासून दूर, ऊन येणारी आणि वारा खेळणारी जागा निवडा. भोवती कुलूप लागणारं जाळीचं कुंपण हवं. भिंत नको, भिंतीने वारा अडतो. आउटलेटच्या खड्ड्यावर माणसाचं वजन पेलणारी लोखंडी जाळी बसवा. शेणकाल्यावर साय धरते, ती जमिनीसारखी दिसते आणि चेंडूमागे धावणारं मूल तिच्यावर पाय देतं.

## ४. सामानाची यादी

प्लांटचं सामान सोडून, फक्त वायूंसाठी लागतं ते असं:

- दोन कॉक: एक टाकीजवळ, दुसरा शेगडीजवळ. मधली नळी बदलायची वेळ येतेच
- गॅससाठीची नळी आणि घट्ट बसणाऱ्या क्लिपा. बागेची पाण्याची नळी उन्हाने तडकते आणि उंदरांना आवडते
- पाणी साठवणारा सापळा: नळीच्या सर्वांत खालच्या जागी टी जोडून खाली बाटली. बायोगॅस ओला असतो. नळीत पाणी साचलं की ज्योत उचक्या देते आणि विझते, आणि विझलेल्या शेगडीतून गॅस येतच राहतो
- इंग्रजी यू आकाराची पारदर्शक नळी, मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ती. तिच्यात कुंकू घातलेलं पाणी भरलं की दाब दिसतो. तरंगत्या टाकीत दाब साधारण १० सेंटीमीटर पाण्याइतका असतो. नळीची भुजा ३० सेंटीमीटरची ठेवा. दाब वाढलाच तर पाणी उडून गॅस मोकळा होतो, म्हणून तिचं तोंड उघड्या हवेत असावं
- ज्योत मागे येऊ न देणारा अडसर: तांब्याच्या किंवा पितळेच्या बारीक जाळीचे थर नळीत बसवायचे. हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीतल्या दिव्याला जाळी लावली, तेच तत्त्व: जाळी उष्णता ओढून घेते आणि पलीकडचा वायू पेटत नाही. याखेरीज गॅस पाण्यातून बुडबुडे काढत जाईल अशी एक बाटली मध्ये घातली तर आणखी बरं
- लोखंडाच्या गंजलेल्या किसाची गाळणी (आठव्या पायरीत)
- वाळूच्या बादल्या, कोरड्या पावडरचं अग्निशामक, जाड हातमोजे, चष्मे

आणि मीटर. चार वायूंचा खिशात मावणारा मीटर म्हणजे ज्वलनशील वायू, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा. तो महाग असतो आणि छोट्या गटाला परवडत नाही. कारखान्याकडून, नगरपरिषदेकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून ठरावीक दिवसांसाठी मागून आणता येतो. मागून आणलेल्या मीटरचं कॅलिब्रेशन (आकडे बरोबर येतात का याची तपासणी) कधी झालंय ते विचारा आणि वापरण्याआधी तो ओळखीच्या नमुना-वायूवर वाजवून बघायला सांगा. गप्प असलेला मीटर चालू आहे की मेलाय, हे नुसतं बघून कळत नाही.

तोंडाला लावायचे मास्क यादीत नाहीत, ते मुद्दाम. रुमाल, सर्जिकल मास्क, धुळीचा एन-९५ यांतला एकही वायू अडवत नाही. डबी लावलेला मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. मास्क दिसला की लोकांना धीर येतो, आणि इथे तो धीर घातक आहे.

## ५. गळती शोधताना काडी नाही

जोडणी झाल्यावर शेण टाकण्याआधी टाकीत साधी हवा भरा, दोन्ही कॉक बंद करा आणि यू-नळीतली पाण्याची पातळी खडूने खूण करून ठेवा. काही तासांनी पातळी उतरली असेल तर गळती आहे. संध्याकाळी हवा थंड झाल्यावर पातळी आपोआपही थोडी उतरते, म्हणून दोन्ही वाचनं एकाच वेळच्या उन्हात घ्या.

मग भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस ब्रशने प्रत्येक जोडावर. फुगा आला की तिथे टेफ्लॉन टेप किंवा नवीन वॉशर. काडी किंवा लायटर ओढून गळती शोधणारे अनुभवी काका प्रत्येक गावात असतात. त्यांना आदराने चहा द्या आणि काडेपेटी बाहेर ठेवायला लावा.

## ६. पहिला गॅस जाळायचा नाही

मुलं तीन आठवडे वाट बघत असतात, त्यामुळे ही पायरी पाळायला सर्वांत अवघड.

पहिल्यांदा टाकी फुगते तेव्हा आत कार्बन डायऑक्साइड आणि टाकीत आधीपासून असलेली हवा असते. तो गॅस एक तर पेटतच नाही, किंवा मिथेन आणि हवा नेमक्या वाईट प्रमाणात असली तर टाकीपर्यंत भडका जातो. म्हणून पहिली भरलेली टाकी पूर्ण मोकळी करायची: दुपारी, वारा असताना, डोक्याच्या वर उंच नळी नेऊन, आसपास विडी-सिगारेट, शेगडी, वेल्डिंग काहीही नसताना. पहाटे करू नका. थंडीत हवा जागची हलत नाही आणि वायू खालीच रेंगाळतो. पुन्हा भरल्यावर हेच आणखी एकदा केलं तर बिघडत नाही.

त्यानंतर चाचणी शेगडीवर, नळीच्या दूरच्या टोकाला, जाळी आणि पाण्याची बाटली मध्ये असताना. टाकीच्या तोंडाशी कधीच नाही. आधी लांब काडी पेटवा, मग कॉक उघडा. भर उन्हात बायोगॅसची निळी ज्योत दिसत नाही. 'पेटलं नाही वाटतं' म्हणत हात पुढे करण्याआधी वर कागदाचा कपटा धरून बघा.

घरगुती गॅसची शेगडी तशीच जोडू नका. तिचं जेट बायोगॅससाठी बारीक असतं आणि ज्योत उडून विझते. बायोगॅसची शेगडी वेगळी मिळते. एकाच शेगडीला सिलिंडर आणि बायोगॅस, दोन्ही नळ्या टी लावून जोडायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा.

इथला मोठा सापळा: सिलिंडर. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर वापरून बायोगॅस घरगुती सिलिंडरमध्ये भरणारे व्हिडिओ भरपूर बघितले जातात. कॉम्प्रेसरच्या ओढीने जोडातून हवा आत शिरते, भडक्याचं मिश्रण तयार होतं आणि ते दाबाखाली गरम होतं. शिवाय सिलिंडर भरणं 'गॅस सिलिंडर नियम २०१६' खाली येतं, त्याला पेसो या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सार्वजनिक प्रयोगात सिलिंडर नाही, हे ठरावातच लिहून टाका.

## ७. मोजमाप: प्रयोगाचा जीव इथे आहे

रोज गॅस किती झाला, त्यात मिथेन किती, थंडीत किती घटला, कुठल्या खरकट्याने वाढला, हे नोंदवल्याशिवाय हा नुसता कचऱ्याचा डबा राहतो. अंदाज करायला एक आकडा हाताशी ठेवा: २५ किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो.

गॅस किती हे तरंगत्या टाकीच्या उंचीवरून कळतं. टाकीवर बाहेरून पट्टी रंगवा, कुंपणाबाहेरून वाचता येईल अशी. मुलांचं काम एवढंच: वेळ, उंची, तापमान, काय घातलं.

मिथेनचा अंदाज सिरिंजने घेता येतो. ६० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये शेगडीजवळच्या कॉकमधून ४० मिलिलिटर गॅस घ्यायचा, मग कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण १५-२० मिलिलिटर ओढायचं, टोपण लावून मिनिटभर हलवायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, दट्ट्या आत ओढला जातो. २४ मिलिलिटर वायू उरला तर साधारण ६० टक्के मिथेन. यात दोन अडचणी आहेत. एक, नमुना घेताना हवा शिरली असेल तर तीही उरलेल्यात मोजली जाते, म्हणून उरलेलं सगळं मिथेन धरू नका. तीनदा करा, आणि तिन्ही आकडे दूरदूर आले तर नमुना चुकीचा घेतलाय. दोन, कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. द्रावण मोठ्यांनी करायचं, पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. शाळेतली छोटी मुलं असतील तर चुन्याच्या निवळीतून बुडबुडे काढून ती दुधाळ होते एवढं दाखवा, पुरेसं आहे.

हल्ली बहुतेक गटांत एक मुलगा किंवा मुलगी आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेऊन येते आणि त्याला वायू ओळखणारे एमक्यू मालिकेचे सेन्सर लावते. जरूर लावू द्या. आलेख सुंदर निघतात आणि शिकायला खूप मिळतं. पण हे सेन्सर आत तापणाऱ्या तारेवर चालतात, आधी बराच वेळ तापवावे लागतात, दमट हवेत भलतंच वाचन देतात आणि एका वायूऐवजी दुसऱ्यालाही प्रतिसाद देतात. त्यांच्या आकड्यावरून 'आता जवळ जायला हरकत नाही' असं कधीही ठरवायचं नाही. आणि त्यांची वायरिंग, बॅटरी, रिले हे सगळं टाकीपासून दूर.

महागडा मीटर असला तरी एक गोष्ट माहीत हवी. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर आतल्या मण्यावर वायू जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. म्हणून हवा नसलेल्या टाकीत नळी घातली तर तो शून्याच्या जवळ काहीतरी दाखवू शकतो, भोवती ६० टक्के मिथेन असताना. आधी ऑक्सिजनचा आकडा वाचा. तो कमी असेल तर बाकीचे आकडे बघायचं कारणच उरत नाही. सिलिकॉनचा सीलंट जवळ वापरला असेल तर त्याच्या वाफेने हा सेन्सर कायमचा मंद होतो, हेही दुकानदार सांगत नाही.

## ८. हायड्रोजन सल्फाइड गाळताना

लेथवरचा लोखंडी कीस आणा, त्यावर पाणी शिंपडून ऊन-वाऱ्यात चांगला गंजू द्या, मग पीव्हीसी पाइपात सैल भरा आणि गॅस त्यातून जाऊ द्या. गंज हायड्रोजन सल्फाइड धरून ठेवतो आणि काळा पडतो. शेगडी आणि भांडीही कमी काळी होतात.

काळा पडलेला कीस बाहेर काढताना सावध. हवा लागताच तो पुन्हा गंजायला लागतो आणि तापतो, इतका की खालचा कागद किंवा वाळलेलं गवत पेटू शकतं. पाइप काढण्याआधी दोन्ही कॉक बंद करा, कीस पाणी मारून ओला करा, उघड्या मातीवर पातळ पसरा, तपकिरी होईपर्यंत ओला ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जाऊ नका.

टाकीत काय घालायचं नाही तेही इथेच सांगतो. संडास साफ करायचं ॲसिड, फरशीचं क्लीनर, ब्लीचिंग पावडर यांतलं काहीही नाही. ॲसिड पडलं की शेणकाल्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीन होतो, तो तर निराळाच प्रसंग. काठीने जोरात ढवळल्यानेही साठलेला वायू एकदम बाहेर येतो. ढवळायचा दांडा बाहेरून फिरवता येईल असा आधीच बसवा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे वायू पुढे निघून जातो.

## ९. आत कुणी उतरायचं नाही, पडलेल्याला काढायलाही नाही

हे सगळ्यांत लांब लिहितोय, कारण माणसं इथेच जातात.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणकाला साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकजण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एकजण वाचला, कारण त्याला वरून ओढता आलं. ही माणसं बेफिकीर नव्हती. समोर आपला माणूस कोसळताना बघून जे कुणीही करेल तेच त्यांनी केलं. म्हणून 'काळजी घ्या' या सूचनेला इथे काही अर्थ नाही. त्या क्षणी कुणी विचार करत नाही. जे करायचं ते आधी ठरलेलं आणि हातांना सवयीचं असावं लागतं.

ठरवायचं ते असं. टाकी, आउटलेटचा खड्डा, शेणकाल्याची जुनी विहीर, शौचालय जोडलेलं असेल तर त्याची टाकी: यांत कुणीही, कोणत्याही कारणाने उतरत नाही. मोबाइल पडला, चप्पल पडली, कुत्रं पडलं तरी नाही. त्यासाठी कुंपणाला लांब बांबू, गळ आणि जाळी टांगून ठेवा. हाताशी साधन दिसलं की उतरायची इच्छा कमी होते. गाळ उपसायचा असेल तर बाहेरून पंपाने, सक्शन गाडीने. शौचालयाच्या टाकीत माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, ठेकेदार काहीही म्हणो.

आणि माणूस पडलाच तर:

1. पहिला बघणारा जागेवर उभा राहून ओरडतो आणि बाकीच्यांना हात पसरून अडवतो. त्याचं काम एवढंच.
2. दुसरा १०१ आणि १०८ ला फोन करतो, 'विषारी वायू, माणूस खड्ड्यात' हे शब्द वापरून. त्यांना श्वासाची साधनं घेऊन निघावं लागतं.
3. तिसरा दोर किंवा गळ टाकतो. माणूस शुद्धीवर असेल तर तो धरेल.
4. शक्य असेल तर बाहेर ठेवलेल्या पंख्याने किंवा ब्लोअरने आत ताजी हवा सोडा. ब्लोअर आणि बटण खड्ड्यापासून लांब. आत मिथेन असतो.
5. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. श्वास चालत नसेल तर सीपीआर शिकलेल्याने छाती दाबायला सुरुवात करावी.

दर सहामाहीला याचा सराव करा, गोणीत भुसा भरून ती 'पडली' असं धरून. मुलं हसतात. हसू द्या. पहिल्यांदा सराव घेतला की निम्मे जण खड्ड्याकडे धावतात, आणि तेच बघायचं असतं.

नळीच्या टोकाला किंवा जोडावर आग लागली तर आधी टाकीजवळचा कॉक बंद करा. गॅस चालू ठेवून ज्योत विझवली तर तो न जळता साचत राहतो आणि नंतर एकदम पेटतो. कॉकपर्यंत पोचता येत नसेल तर लोकांना लांब न्या, आसपासचं ओलं करा, गाडीची वाट बघा.

## १०. वर्षभर काय बघायचं

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, यू-नळीतलं आणि सापळ्यातलं पाणी आटतं. पाणी आटलं की तिथून गॅस गुपचूप निसटतो. एप्रिल-मे मध्ये पाण्याची पातळी रोज बघा; सुट्टी असली तरी कुणीतरी यायला हवं, हे मार्चमध्येच ठरवा. सुट्टीत कुणी येणार नसेल तर गॅस जाळून संपवा, खरकटं घालणं थांबवा, कॉक बंद करा आणि कुंपणाची किल्ली एका घरी ठेवा.

पावसाळ्यात आउटलेटच्या खड्ड्यात पाणी शिरतं आणि शेणकाला उतू जातो. थंडीत गॅस घटतो. मग लोक जास्त खरकटं कोंबतात, टाकी आंबट होते आणि वास वाढतो. घालणं कमी करा, वाट बघा.

दिवाळी वेगळी लिहायला हवी. त्या आठवड्यात टाकी शक्य तितकी रिकामी ठेवा आणि फटाक्यांची जागा प्लांटच्या विरुद्ध टोकाला नेमून द्या. बाण कुठेही जातो. होळीचंही तेच.

## ११. प्रकल्प संपल्यावर

उत्साहाने सुरू झालेले बरेच प्लांट दोन-तीन वर्षांत बंद पडतात. शिक्षकांची बदली होते, गट विखुरतो. बंद पडलेला प्लांट चालू प्लांटपेक्षा वाईट, कारण तो कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि आत गॅस होतच राहतो. म्हणून सुरुवातीच्या ठरावातच 'बंद करण्याची जबाबदारी' कुणाची ते लिहा.

क्रम असा: खरकटं घालणं थांबवा. गॅस होणं बंद होईपर्यंत शेगडीवर जाळत राहा, याला काही आठवडे लागतात. उरलेला गॅस पहिल्या गॅससारखाच दुपारी उंचावरून सोडा. टाकीचं तोंड उघडून अनेक दिवस मोकळं ठेवा, पण कुंपण आणि जाळी काढू नका. शेणकाला बाहेरून पंपाने उपसून शेतात किंवा कंपोस्टमध्ये घाला. रिकामी दिसणारी टाकी कापायची असेल तर आधी ती पाण्याने काठोकाठ भरून रिकामी करा. तळाला चिकटलेल्या गाळातून मिथेन येत राहतो आणि ग्राइंडरची ठिणगी त्याला पुरते. जमिनीतला खड्डा मुरुमाने भरून वर माती दाबा, आणि तो पूर्ण भरला हे दोघांनी बघून सह्या केल्यावरच कुंपण उतरवा.